पाय पेठेचे, चेहरा सरबताचा

चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना एका मित्राच्या नाकातून चहा आला होता आणि त्याचा पांढरा शर्ट मला धुऊन द्यावा लागला होता. माती कशी खावी याचं शिक्षण कुणाला हवं असेल तर माझ्याकडे पाठवा. फी घेत नाही.

आणि हो, एक अट. या किश्शात एक कोल्ड्रिंक हाऊस येईल. त्याचं नाव मला विचारायचं नाही. का, ते शेवटी सांगतो. उगाच घाई नको. घाई नको, असं मी म्हणतोय! घाईनं तर सगळा घोळ झाला.

तर मी पुण्यात स्पोर्ट्स मॅनेजमेंटचा कोर्स करून कोल्हापुरात परत आलो होतो. डोक्यात नुसतं वारं. जे दिसेल ते बदलायचं, तेही आज संध्याकाळपर्यंत. परदेशातल्या कॉलेजांत म्हणे खेळाडू विद्यार्थ्याला स्वतःच्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे मिळतात. चाहते आणि गावातले दुकानदार एकत्र येऊन त्याच्याशी रीतसर जाहिरातीचे करार करतात. हे वाचलं आणि माझी झोप उडाली. आपल्याकडे काय आहे? नेत्याच्या वाढदिवसाला चौकात इतके फ्लेक्स की सिग्नल दिसत नाही. नेत्याच्या पुतण्याच्या मित्राचाही फ्लेक्स, गॉगल घालून. आणि ज्या पोराच्या गोलवर अख्खी पेठ नाचते, त्याला काय? दोन केळी आणि पाठीवर थाप! गोल मारला की खांद्यावर, गुडघा दुखला की ‘जा की रिक्षानं’!

हे पोर म्हणजे आमचा सोहेल. बी.कॉमच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजकडून खेळतो आणि आमच्या पेठेच्या तालमीकडूनही. बाहेरगावच्या लोकांसाठी सांगतो. आमच्याकडे तालीम म्हणजे फक्त कुस्तीचा आखाडा नव्हे. तालमीची फुटबॉल टीम असते, तिचा रंग असतो आणि त्या रंगासाठी सख्खे साडू वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. आमचा रंग तांबडा-पांढरा. कुणी म्हणतं तो रश्श्यावरून घेतला, कुणी म्हणतं रस्सा आमच्यावरून. आणि चौकाच्या पलीकडच्या तालमीचा रंग जांभळा. हे लक्षात ठेवा. मला तेवढं जमलं नव्हतं.

सोहेलच्या वडिलांचा, म्हणजे रशीदभाईंचा, गाद्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, कापूस पिंजायचं मशीन आणि केसात कायम कापूस असलेले रशीदभाई. त्यांनी पोराला सांगून टाकलं होतं, “ये सीझन खेळ. पुढं काय झालं न्हाय तर गप शेडमध्ये येऊन बसायचं.” आणि याच सीझनच्या फायनलला, रविवारी, त्याच जांभळ्या तालमीविरुद्ध, गोव्याच्या एका क्लबचे कोच सोहेलला बघायला येणार होते. खेळ आवडला तर महिनाभर गोव्यात ट्रायल. राहण्याखाण्याचा खर्च मात्र ज्याचा त्याने करायचा. म्हणजे सोहेलला दोनच गोष्टी हव्या होत्या. रविवारी मैदानात उतरायला मिळणं आणि गोव्याच्या खर्चाची सोय.

पहिली तर होतीच. तालमीचा पहिल्या नंबरचा फॉरवर्ड तो. दुसरी मी करणार होतो. मी दुसरी करायला गेलो आणि पहिली घालवली. कशी, ते ऐका.

पेठेच्या कोपऱ्यावरच्या कोल्ड्रिंक हाऊसचे मालक, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. आईस्क्रीमवर सरबत, वर काजू-बेदाणे, त्यावर टुटीफ्रुटी आणि शिखरावर एक चेरी, असं त्यांचं कॉकटेल प्यायला लोक पार पेठ वडगावहून येतात. मामा आमच्या तालमीचे कट्टर. मॅच असली की दुकान बंद आणि मामा गॅलरीत.

“मामा, तुम्ही सोहेलला स्पॉन्सर करा,” मी म्हटलं.

“करतोयच की. मॅच झाली की एक कॉकटेल फुकट. वरनं चेरी.”

“तसं नाही. करार करायचा. तुमच्या मालाची जाहिरात सोहेल करणार.”

“आरं, माझ्या मालाला जाहिरात कशाला? रांग बगितलीस का भाईर?”

“मामा, तुमचं नवीन जांभूळ सरबत येतंय ना बाटलीतलं? ते कोण पिणार? आजची पिढी चेहरा बघून पिते.”

मामी मागून ओरडल्या, “घ्या की ओ! पोराचं भलं हुतंय. आन् बाटल्या तशाच पडल्यात माळ्यावर!”

मामांनी माझ्या चार पानी कराराकडं लग्नपत्रिकेकडं बघतात तसं बघितलं आणि मागच्या पानावर सही ठोकली. “सोहेलच्या गोव्याचा खर्च मी बगतो. डिझाइन-बिझाइन तू बग, तू शिकलेला हाईस. मी चाललो लेकीकडं निपाणीला, रविवारी डायरेक मॅचलाच येतो.”

मामांचा फोन बटणांचा. त्यावर फोटोबिटो काही जात नाही. हे मला तेव्हा सोयीचं वाटलं होतं.

मी तिथून थेट फ्लेक्सच्या दुकानात. तिथला संदीप दिवसाला इतके वाढदिवस छापतो की त्याला स्वतःचा आठवत नाही. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, “मागं गडद जांभळा रंग. मध्ये सोहेल. अंगात जांभळा टी-शर्ट.”

संदीपचा माउस थांबला. “जांभळा?”

“जांभळाचं सरबत आहे. मग काय पोपटी करू?”

“तसं न्हवं दादा. पण त्यो पल्याडच्या तालमीचा रंग हाय की.”

आता इथं, मित्रांनो, मला पळून जायची संधी होती. एक शहाणा माणूस मला शहाणपण सांगत होता. पण मी कोर्स करून आलेलो! मी त्याला पंधरा मिनिटं ऐकवलं. रंग कुणाच्या मालकीचा नसतो. खेळाडूला स्वतःचा चेहरा असतो, तो कुठल्या तालमीचा गुलाम नसतो. असल्या खुळचट अस्मितांमुळेच आपला फुटबॉल मागे राहिला. कुणीतरी सुरुवात करायला हवी!

संदीप जांभई आवरत म्हणाला, “करा की सुरुवात. वर काय लिवू?”

“पेठेचा लाडका सोहेल, आता नव्या रंगात!”

“आन् बाटली?”

“ती खाली कोपऱ्यात, लहान. दुकानाचं नावही तिथंच. जाहिरात अंगावर येता कामा नये. सूक्ष्म असली पाहिजे.”

इतकी सूक्ष्म झाली की विचारता सोय नाही.

सोहेलचा फोटो मीच काढला. टी-शर्ट घालताना तो म्हणाला, “दादा, ह्यो रंग...” मी म्हटलं, “ब्रँडचा आहे. हात जोड.” फ्लेक्सवर हात जोडल्याशिवाय आपल्याकडे फोटोच होत नाही, एवढी परंपरा मी पाळली. पोरानं हात जोडले. गोव्यासाठी त्यानं जांभळं धोतरसुद्धा नेसलं असतं.

फ्लेक्स लावायचा कुठं? चौकातल्या चांगल्या जागा कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसांनी अडवलेल्या. फक्त एक भिंत मोकळी. चौकाच्या पलीकडच्या कोपऱ्यावर, टायरवाल्या तात्यांची. तात्या म्हणजे पल्याडच्या तालमीचा खांब. मी दबकत विचारलं, तर तात्यांनी फ्लेक्स उलगडून बघितला. एकदा बघितला. दोनदा बघितला. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी कधी विसरणार नाही.

“लावा की पावणं! विचारताय काय?”

“भाडं किती होईल?”

“सोहेलच्या फोटोचं भाडं घेऊ व्हय आमी? शिडी मी देतो. दोर मी देतो. पोरं बी देतो धराय.”

माझे डोळे पाणावले, खरं सांगतो. बघा, म्हटलं, रंगाच्या पलीकडे जाणारा चाहता! संदीपला आणून दाखवायला हवा होता. तात्यांच्या पोरांनी दिवे लागायच्या आत फ्लेक्स ताणून बांधला. खालच्या कोपऱ्यासमोर रविवार सोडून रोज एक भडंगाची गाडी उभी राहते, तिनं बाटली झाकली. दुकानाचं नावही झाकलं. मला वाटलं, गाडी काय, हलेल.

गाडी हलली नाही. गाव हललं.

सकाळी मी दात घासत होतो तेव्हा सोहेलचा फोन. आवाज रडवेला.

“दादा, मी फुटलोय काय ओ?”

“काय?”

“सगळी विचाराय लागल्यात. टीममधली पोरं माझ्याकडं बॉल पास करीना झाल्यात. कोण म्हणतंय मी पल्याडच्या तालमीत गेलो. दादा, मी गेलोय का?”

मी चौकात धावलो. बघतो तर फ्लेक्सवरच्या सोहेलच्या गळ्यात झेंडूचा हा एवढा हार! जांभळ्या भिंतीवर जांभळा सोहेल, हात जोडून उभा. वर ‘आता नव्या रंगात’. आणि खाली भडंगाची गाडी. याचा अर्थ तुम्ही काय काढला असता? आमच्या पेठेनंही तोच काढला. प्रत्येकाच्या मोबाइलवर तोच फोटो. कुणी तर खाली लिहिलं होतं, ‘पोटात एक, अंगात एक’.

मी तात्यांकडे गेलो. ते दुकानात नव्हते. ते होते रशीदभाईंच्या शेडवर. हलगीसकट!

मी पोचलो तेव्हा हलगी कडाडत होती, गुलाल उडत होता आणि रशीदभाईंच्या केसातला कापूस गुलाबी झाला होता. तात्यांनी त्यांच्या तोंडात पेढा कोंबला.

“अरे, हुआ क्या? पोराला नोकरी लागली काय?” रशीदभाई पेढ्याच्या मागून विचारत होते.

“नोकरीचं काय घिऊन बसलाय चाचा! पोरगं आपल्यात आलं!”

“आपल्यात म्हंजे? बँकेत?”

“आपल्यात ओ, आपल्यात!”

रशीदभाईंना कळलं काहीच नाही. पण दारात पाहुणे आले, हसतायत, पेढे देतायत, म्हटल्यावर ते थोडेच गप्प बसणार? त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला. चहा पिता पिता तात्यांनी आपल्या तालमीसाठी नव्या गाद्यांची ऑर्डर दिली. रशीदभाईंनी तिथल्या तिथं टेप काढून माप विचारलं. आणि नेमका तो फोटोही निघाला. पोरगा जांभळा, बाप गुलाबी, आणि हातात पल्याडच्या तालमीचं माप!

मी ओरडून सांगत होतो, “अहो, सरबत आहे ते! सरबत!”

एक हलगीवाला प्रेमानं म्हणाला, “सरबत कशाला पावणं, च्या सांगिटलाय की.”

दुपारी आमच्या तालमीत बैठक. आमचे अध्यक्ष बाळूकाका. एकेकाळचे गोलकीपर. उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी, तीही अशाच एका फायनलची कमाई. काका फारसे बोलत नाहीत. ती वाकडी बोटं नुसती गुडघ्यावर आपटत बसतात, आणि समोरच्याला घाम फुटतो.

सोहेल एका कोपऱ्यात मान खाली घालून उभा. सगळे त्याच्यावर तुटून पडलेले.

“लहानाचा मोठा हितं झालास की रं!”

“बूट कुणी दिलतं पयलं? काकानी दिलतं!”

माझ्यातला कोर्स परत उसळला. मी मध्ये उडी घेतली. “थांबा! यात सोहेलचा काही दोष नाही. हा शुद्ध व्यावसायिक करार आहे!”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

“म्हंजे करार झालाय,” कुणीतरी हळूच म्हणालं.

“झालाय ना. रीतसर. सह्या झाल्यात. पण तो फक्त चेहऱ्याचा आहे हो! त्याचा चेहरा त्यांचा, पण पाय तुमचेच!”

आजही रात्री हे वाक्य आठवलं की मी पांघरूण डोक्यावरून घेतो.

“पाय आमचं आन् चेहरा त्येंचा!” काकांची बोटं थांबली. “आरं, मग गोल मारल्यावर हसणार कुणाकडं बगून?”

मी घाईनं मोबाइल काढला.

“मामांना विचारा! मामांनीच...” मी मामांना फोन लावला. मामा निपाणीत लेकीच्या घरी. सगळे ऐकत होते.

“मामा, जांभळा फ्लेक्स तुमचाच आहे ना, सांगा जरा यांना!”

पलीकडून मामांचा आवाज गरजला, “जांभळा? माझा? आरं, माझ्या दुकानात मी वांगं ठिवत न्हाय! कोण बोलतंय?” आणि फोन बंद.

बास. माझ्यावरचा उरलासुरला विश्वासही गेला.

आता इथं तरी मी थांबावं की नाही? पण थांबला तर तो मी कसला! रात्रभर विचार करून मी तोडगा काढला. एका जांभळ्या फ्लेक्सवर उतारा काय? एक तांबडा-पांढरा फ्लेक्स! आमच्या पेठेतल्या मटण खानावळीच्या मालकांना मी गाठलं. ते म्हणाले, “सोहेलनं पेठ सोडली न्हाय असं दिसत आसंल तर लाव बाबा.” फोटोत सोहेल तांबड्या-पांढऱ्या जर्सीत, एका हातात तांबड्या रश्श्याची वाटी, दुसऱ्या हातात पांढऱ्या. वर मी स्वतः रचलेली ओळ. ‘जिथं रस्सा, तिथं सोहेल!’

चौकाच्या अलीकडे एक वाढदिवस नुकताच उतरला होता, तिथं तो लावला. झालं असं, की चौकात उभं राहिलं की उजवीकडे जांभळा सोहेल हात जोडून आणि डावीकडे तांबडा सोहेल दोन वाट्या घेऊन. मधे रिक्षास्टँड. रिक्षावाले म्हणाले, “एकीकडं मागतंय, दुसरीकडं खातंय.”

आमची पेठ आणखी भडकली. म्हणे पोरगं दोन्हीकडनं घेतंय! पल्याडच्यांनी मात्र वेगळाच अर्थ लावला. तात्या आपल्या पोरांना समजावत होते, “गप ऱ्हावा रं. फायनल होईतोर त्येला तसं दाखवायलाच लागतंय. पेढा खाल्लाय बापानं. गाद्यांचं माप घेतलंय. पुढल्या सीझनला आपलाच हाय त्यो.”

शनिवारी बाळूकाकांनी निकाल दिला. फायनलला सोहेल बाहेर बसणार.

मी शेडवर गेलो. सोहेल गाद्यांच्या थप्पीवर बसला होता. पाय लोंबकळत होते. हातात माझा चार पानी करार.

“दादा, सगळा वाचला. चेहरा हाय, नाव हाय. हसायचं कसं ते बी हाय.” त्यानं पानं माझ्याकडं सरकवली. “मी खेळायचं कुठं लिवलंय?”

मी पानं चाळली. परत चाळली. खरंच, कुठंच नव्हतं.

रशीदभाई गादी शिवत बसले होते. त्यांनी नुसती एक मोठी सुई सोहेलच्या शेजारी ठेवली. शिवायला घे, अशी.

रविवार. मैदान गच्च. एका गॅलरीत तांबडा-पांढरा, दुसरीत जांभळा, आणि मधे खुर्चीवर टोपी घातलेले गोव्याचे कोच. सोहेल आमच्या बाकावर. पहिल्या हाफमध्येच पल्याडच्यांनी एक गोल चढवला. मी बाकाच्या मागच्या जाळीला चिकटून काकांना हात जोडत होतो, अगदी फ्लेक्ससारखे.

“काका, त्याला उतरवा. चूक माझी आहे. तो कोच परत येणार नाही!”

“तू गप बस. तू बोललास की आमचं नुसकान हुतंय.”

तेवढ्यात मामा आले. निपाणीहून थेट, हातात पिशवी. चौकातून येताना त्यांनी दोन्ही सोहेल बघितले होते. पहिल्या सोहेलपुढची भडंगाची गाडी रविवारची नसते, त्यामुळे त्यांना खालची बाटलीही दिसली होती. मामांनी माझ्याकडे एकदा बघितलं. नंतर ते काकांच्या कानाला लागले. काय बोलले ऐकू आलं नाही, पण मधेमधे माझ्याकडे बोट होतं आणि काकांची मान हलत होती.

काकांनी सोहेलला उठवलं. “उतर. आन् ह्या म्यानेजरकडं बगू नगोस, बॉलकडं बग.”

सोहेल मैदानात उतरला आणि काय सांगू! आमची गॅलरी गप्प, आणि टाळ्या जांभळ्या गॅलरीतून! त्यांचा एक बचावपटू आहे, त्याला सगळे रोलर म्हणतात. त्याच्या पायाखाली आलेला फॉरवर्ड परत फॉरवर्ड राहत नाही. सोहेल बॉल घेऊन थेट त्याच्या अंगावर गेला. मी डोळे मिटले. आणि तात्यांचा आवाज अख्ख्या मैदानानं ऐकला.

“रोलरऽऽ! पायाला लागू दिऊ नगोस! पुढल्या सालाला आपल्यात हाय त्यो!”

रोलर बाजूला झाला! अदबीनं, लग्नात नवरदेवाला वाट देतात तसा! सोहेलनं बॉल जाळीत घातला.

एक-एक. तरी पल्याडच्यांना फार वाईट वाटलं नाही. “चांगला मारतोय की रं,” एकजण कौतुकानं म्हणाला, “पुढल्या सीझनला मजा हाय.” एकदा सोहेल घसरून पडला, तर रोलरनं त्याला हात देऊन उठवला आणि गुडघ्यावरची माती स्वतः झटकली! वीस वर्षं मॅच बघणारे म्हातारे उभे राहिले. कोल्हापूरच्या मैदानात असं काही त्यांनी बघितलंच नव्हतं.

शेवटच्या मिनिटांत सोहेल परत निघाला. परत वाट मोकळी. दोन-एक! शिट्टी!

गोल झाल्यावर तो धावत कुठं आला? आमच्या गॅलरीकडे. जर्सीचा तांबडा-पांढरा पट्टा ओठांना लावला आणि काकांकडे बघून हसला. काकांचा प्रश्न सुटला. काका वाकड्या बोटांनी डोळे पुसत होते. आणि जांभळ्या गॅलरीत तात्यांच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडत होता. तो पडताना मला दिसत होता.

मग माइकवरून बक्षिसं सुरू झाली. आमच्याकडे ही जुनी रीत आहे, मी ती कायम ‘मागासलेली’ म्हणून मोडीत काढायचो. खानावळीकडून सोहेलला बक्षीस! चप्पल दुकानाकडून! गुळाच्या अडत्याकडून! रिक्षास्टँडकडून! निवेदकाला श्वास घ्यायला सवड नाही. मामांचं बक्षीस सगळ्यांत शेवटी आलं, गोव्यातल्या राहण्याखाण्याचं, आणि त्यांनी दुकानाचं नाव घेऊ नका असं निवेदकाला बजावलं होतं. ना करार, ना चार पानं, ना सूक्ष्म बाटली. मी आठवडाभर जे उभं करायला धडपडत होतो ते माझ्यासमोर चहा निवायच्या आत उभं राहिलं, आणि मला कुणी साधं बाजूला हो म्हणायलाही आलं नाही.

गोव्याचे कोच फार खूश. सोहेलला ट्रायलला बोलावलं. वर म्हणाले, “पोरगा उत्तम आहेच, पण समोरच्या बचावफळीची सभ्यता बघून थक्क झालो.” रोलर ते ऐकून तिथंच मटकन खाली बसला.

रशीदभाईंनी गाद्या ठरल्याप्रमाणे पल्याडच्या तालमीला पोचवल्या. तात्यांनी निमूट घेतल्या, कारण गाद्यांचा काय दोष? पण भिंतीवरचा फ्लेक्स त्यांनी स्वतःच्या हातानं फाडला आणि हार माझ्या गळ्यात घातला. वाळलेला. “पावणं,” ते म्हणाले, “पुन्यांदा भिंत लागली तर सांगा. तुमचाच फोटो लावू.” कसला फोटो, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

सोहेल गोव्याला गेला. तिकडून त्यानं मेसेज पाठवला. मी मोठ्या आशेनं उघडला. ‘दादा, हितं समदं झ्याक चाललंय. तुम्ही काय करू नका.’

आणि मामा? जांभूळ सरबत आमच्या पेठेत कुणी तोंडाला लावेना. जांभळं पितो काय! पल्याडची पेठ तर दोन गोलांनंतर मामांच्या दुकानासमोरून जातानाही तोंड फिरवते. अख्ख्या गावात एक थेंब खपला नाही. मामी अजून माळ्यावरच्या बाटल्या मला दाखवतात, नातवंडं दाखवावीत तशा.

एका संध्याकाळी मामांनी मला हाक मारली. समोर कॉकटेल ठेवलं. काजू, बेदाणे, टुटीफ्रुटी, वर चेरी.

“म्यानेजर, तुझ्याशी बी करार करतो. रोज एक कॉकटेल फुकट. जल्मभर.”

मला भरून आलं. म्हटलं, शेवटी माणसानं माझी तळमळ ओळखली! “मामा, बोला. काय करायचं मी? रील करू? दोन ओळी लिहू?”

“काय बी करायचं न्हाय,” मामा हात जोडून म्हणाले. “आमच्या दुकानाचं नाव तुझ्या तोंडातनं कवा भाईर पडता कामा नये. बास.”

तर जगात खेळाडूंना नाव घ्यायचे पैसे मिळतात. मला न घ्यायचे मिळतात. आणि खरं सांगू? आजवर माझ्या हातून तडीस गेलेला हा एकमेव करार आहे.

तसं ते दुकान कुठं आहे सांगू का? पेठेच्या कोपऱ्यावरून वळलं की डाव्या हाताला...

नको. चेरी जाईल.